नकाराचा ग्रह : शांततामय प्रतिकाराच्या विज्ञानकथांविषयी

एका दूरच्या ग्रहावर पृथ्वीचं युद्धयान उतरतं. मैलभराहून लांब. आत सैनिक, तंत्रज्ञ, कारकून आणि या सगळ्यांच्या वर एक राजदूत. काही शतकांपूर्वी पृथ्वी सोडून गेलेल्यांचे वंशज या ग्रहावर राहतात. त्यांना पुन्हा पृथ्वीच्या साम्राज्यात सामील करून घ्यायचं, एवढंच काम. राजदूताची पद्धत ठरलेली आहे. इथला प्रमुख कोण ते शोधायचं, त्याच्याशी बोलायचं, त्याची सही घ्यायची. प्रमुख ताब्यात आला की त्याच्या हाताखालचे आपोआप येतात. त्यासाठी आधी कुणीतरी रस्ता दाखवायला हवा, म्हणून सैनिक शेतावरच्या एका माणसाला विचारायला जातात. तो त्यांना आपल्या कामाशी काम ठेवायला सांगतो आणि पुन्हा हातातलं काम करू लागतो. दुसराही तेच करतो, तिसराही. या ग्रहावर प्रमुख नाही, मंत्री नाही, पोलीसपाटीलसुद्धा नाही. बंदुकांना कुणी घाबरत नाही आणि कुणी दगडही उचलत नाही. माणसं फक्त म्हणतात, मी करणार नाही.

ही एरिक फ्रँक रसेल या इंग्रज लेखकाची दीर्घकथा. नाव ‘अँड देन देअर वेअर नन’. अगाथा ख्रिस्तीची याच नावाची रहस्यकादंबरी वेगळी. शोधताना घोटाळा होतो म्हणून सांगून ठेवतो. रसेलची कथा जून १९५१ मध्ये अमेरिकेतल्या ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या मासिकात आली. पुढे त्याने तिच्याआधी आणखी ग्रहांचे प्रसंग जोडले आणि १९६२ मध्ये ‘द ग्रेट एक्स्प्लोजन’ ही कादंबरी झाली. कादंबरीला १९८५ मध्ये प्रोमिथियस पुरस्काराच्या अभिजात विभागात मान मिळाला. मला मात्र मूळची सुटी कथाच अधिक बांधीव वाटते आणि या विषयाची ओळख तिथूनच व्हावी असं वाटतं.

त्या ग्रहावरचे लोक स्वतःला गँड म्हणवतात. हे नाव गांधींवरून घेतलेलं आहे आणि कथेतच तसं सांगितलेलं आहे. एका परक्या माणसाने अमेरिकी मासिकात, गांधींच्या खुनाला साडेतीन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, त्यांच्या नावाचा एक अख्खा ग्रह वसवला. मराठी वाचकाला ही गोष्ट फारशी माहीत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. आपल्याकडे गांधींवर चरित्रं, नाटकं, टीका, स्तुती सगळं विपुल आहे. त्यांच्या विचाराला प्रयोगशाळेतल्यासारखं वेगळं काढून, एका संपूर्ण समाजावर शेकडो वर्षं चालवून पाहिलं तर काय होईल, हा प्रश्न एका विज्ञानकथाकाराने विचारला, हे आपल्यापर्यंत पोचायला हवं होतं.

रसेलचा जन्म १९०५ चा, इंग्लंडमधल्या सँडहर्स्टजवळचा. वडील तिथल्या लष्करी महाविद्यालयात शिक्षक. साम्राज्याचे अधिकारी जिथे घडत, त्या आवाराच्या सावलीत हा मुलगा जन्मला. दुसऱ्या महायुद्धात तो स्वतः रॉयल एअर फोर्समध्ये होता. लष्करी नोकरशाही त्याला आतून ठाऊक होती: कोण कुणाला सलाम करतो, हुकूम वरून खाली येताना त्याचं काय होतं, सार्जंट मेजरचा आवाज का चढतो. १९५५ मध्ये ‘अलामागूसा’ या लघुकथेसाठी त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. तीही लष्करी दप्तरातल्या एका नोंदीवरूनच घडते. गँडांच्या कथेतला विनोद याच जाणकारीतून आला आहे. हुकूम द्यायला अख्खी उतरंड हजर आहे, पण तो ऐकायला समोर कुणीच नाही. मग ती उतरंड स्वतःवरच आदळत राहते.

या कथेच्या आधी १९४८ मध्ये त्याने ‘लेट नाइट फायनल’ लिहिली होती. तिच्यातही चढाई करून आलेलं सैन्य आहे आणि प्रेमळपणे वागणारे, न लढणारे रहिवासी आहेत. सैन्य हळूहळू विरघळत जातं. ‘अँड देन देअर वेअर नन’ला या कल्पनेची दुसरी, अधिक विचारपूर्वक केलेली मांडणी म्हणता येईल. आणि रसेलला निव्वळ शांततावादी ठरवण्याआधी १९५७ ची त्याची ‘वास्प’ ही कादंबरी आठवावी. तिच्यात शत्रूच्या ग्रहावर घुसलेला एकच माणूस अफवा, घातपात आणि दहशतीने साम्राज्य खिळखिळं करतो. म्हणजे या लेखकाचं कुतूहल एकाच जागी होतं. बलाढ्य सत्ता कुठे कच्ची असते? एका पुस्तकात त्याने तिथे सुरुंग लावला आणि दुसऱ्या कथेत फक्त हात काढून घेतला. दोन्हीकडे इमारत डळमळते. दुसऱ्या वेळी मात्र ढिगाऱ्याखाली कुणी मरत नाही.

गँड नकार देऊ शकतात ते कशाच्या बळावर, हा या कथेचा गाभा आहे आणि वरवर वाचणारा नेमका तोच गमावतो. वाटतं की ही माणसं जात्याच धीट असतील. रसेल तसं म्हणत नाही. त्यांच्या धीटपणाखाली त्याने एक व्यवहार उभा केला आहे. या ग्रहावर पैसा नाही. कुणी कुणाचं काम केलं की त्याच्यावर एक उपकार चढतो. त्याला ते ‘ऑब’ म्हणतात. उपकार फेडायचा तो दुसऱ्या कामाने, थेट किंवा तिसऱ्याच्या मार्फत. खानावळवाला जेवण देतो, जेवणारा त्याच्या उपयोगाचं काही करतो, नाहीतर त्याचं दुसऱ्या कुणाकडचं देणं परस्पर मिटवतो. वही नाही, तिजोरी नाही, कर नाही. यानातला हॅरिसन नावाचा तंत्रज्ञ आपली सायकल घेऊन गावात जातो, सेथ नावाच्या माणसाच्या खानावळीत बसतो, तेव्हा त्याला कळतं की खिशातल्या पृथ्वीच्या नाण्यांनी इथे काहीच मिळत नाही. ज्या समाजाला तुमचा पैसा नको, तुमची नोकरी नको आणि तुमचं संरक्षणही नको, त्याला तुम्ही लाच देणार कशी आणि धाक घालणार कशाचा?

गांधीविचार जाणणाऱ्याला इथे रचनात्मक कार्यक्रम आठवेल. गांधींनी १९४१ मध्ये त्यावर छोटी पुस्तिका लिहिली. कायदेभंग जोरकस व्हायचा तर आधी खादी, ग्रामोद्योग, अस्पृश्यतानिवारण, शिक्षण ही कामं उभी राहिली पाहिजेत, हा तिचा आग्रह. आपल्याकडे कायदेभंगाच्या आठवणी राहिल्या, कारण त्यात तुरुंग होता, लाठी होती, मिरवणूक होती. चरखा मागे पडला. गांधींच्या हिशेबात मात्र चरखा आधी होता. ज्याचं कापड मँचेस्टरहून येतं, तो मँचेस्टरला नाही कसं म्हणणार? रसेलने गांधींचं किती वाचलं होतं याला मी फार महत्त्व देत नाही. त्याने कथा रचताना ही कडी बरोबर पकडली. गँडांचा नकार टिकतो, कारण त्यांचा रोजचा व्यवहार परक्या सत्तेशिवाय चालतो.

रसेलच्या गँडांत आणि गांधींच्या सत्याग्रह्यात एक मोठा फरक आहे, आणि तो झाकून ठेवू नये. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात जमलेल्या हिंदी लोकांनी ट्रान्सवालच्या नोंदणी कायद्यापुढे न वाकण्याची शपथ घेतली. सरकारला हवं होतं ते क्षुल्लकच दिसत होतं: नाव, बोटांचे ठसे, एक परवाना. लोकांनी ते नाकारलं आणि परिणाम म्हणून तुरुंग पत्करला. सत्याग्रहात हे पत्करणं महत्त्वाचं. प्रतिपक्षाच्या मनाला हात घालायचा, त्याच्यातला माणूस जागा करायचा, त्यासाठी स्वतः सोसायचं. गँड काही सोसत नाहीत. समोरच्याचं हृदयपरिवर्तन व्हावं अशी त्यांची इच्छाही नाही. ते त्याच्याकडे पाठ फिरवतात. या अर्थाने ते साबरमतीपेक्षा अमेरिकेतल्या थोरोच्या जवळचे आहेत. १८४९ च्या त्याच्या निबंधातही सरकारला सुधारण्यापेक्षा त्याच्यापासून आपला हात काढून घेण्यावर भर आहे. गँडांचा समाज सुखी आहे, हसरा आहे, पण त्यात करुणा कमी आहे. कथा दुसऱ्यांदा वाचताना हे जाणवतं.

मराठी वाचक ऑबची पद्धत वाचताना मनात म्हणेल, हे तर आपलं बलुतं. सुताराने नांगर भरायचा, कुंभाराने गाडगी द्यायची आणि सुगीला खळ्यावरून प्रत्येकाने आपला वाटा न्यायचा. पैशाशिवाय, परस्परांच्या कामावर चाललेलं गाव. साम्य खरं आहे. म्हणूनच फरकही नीट पाहायला हवा. बलुतेदाराला ‘मी करणार नाही’ म्हणता येत नव्हतं. काम जन्माने ठरलेलं होतं. महार वतनात तर सरकारी आणि गावकी कामासाठी दिवसरात्र केव्हाही हाक येई आणि ती नाकारण्याची सोय नव्हती. म्हणून १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. माणसाला नकाराचा हक्क नसेल तर परस्परांचे उपकार ही बेडी होते. रसेलने हा हक्क आधी दिला आणि देवाणघेवाण त्यावर उभी केली. त्याच्या ग्रहावर सुताराचा मुलगा सुतारच व्हायला हवा असं नाही.

पण मग आळशी जॅकचं काय? गँड मुलांना सांगितली जाणारी ही गोष्ट हॅरिसनला ऐकायला मिळते. जॅक सगळ्यांकडून घेत राहतो आणि कुणाचंच फेडत नाही. त्याला कुणी मारत नाही, कोंडत नाही. एकेक दार मात्र बंद होत जातं. तो गाव बदलतो, पण त्याची कीर्ती आधीच पुढे पोचलेली असते. त्याचा शेवट चांगला होत नाही. रसेल हे मिश्कीलपणे सांगतो. फुकट्याला वठणीवर आणायला पोलीस लागत नाही, एवढंच त्याला दाखवायचं आहे.

इथे मी थांबतो, आणि महाराष्ट्रातला कुणीही वाचक थांबेल असं मला वाटतं. कारण या शिक्षेला आपल्याकडे नाव आहे. वाळीत टाकणं. हुक्कापाणी बंद, दुकान बंद, पाणवठा बंद, मेलेल्याला खांदा द्यायला कुणी नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडला आंबेडकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. तेही शांततामय प्रतिकाराचंच एक थोर उदाहरण. ज्यांनी अशी मान वर केली त्यांच्यावर गावोगाव जे हत्यार चाललं ते लाठीइतकंच बहिष्काराचंही होतं. दलितांची आणि आदिवासींची स्थिती पाहण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत आंबेडकर सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात या बहिष्काराची नोंद आहे. मजुरी बंद, शेत काढून घेतलेलं, वाण्याकडे माल नाही. १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ लिहिताना आंबेडकरांनी सामाजिक बहिष्कार हा गुन्हा मानावा अशी मागणी केली. महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला तो २०१६ चा. म्हणजे एकच कृती, हात काढून घेणं, राजदूतापुढे मुक्तीचं साधन ठरते आणि दुबळ्या शेजाऱ्यापुढे छळाचं. रसेलच्या ग्रहावर सगळे समान आहेत, म्हणून त्याला हा प्रश्न पडला नाही. आपल्याला तो टाळता येणार नाही.

उर्सुला ले ग्विनला तो पडला. १९७४ ची तिची ‘द डिस्पझेस्ड’ ही कादंबरी मी या सगळ्या वाङ्मयात सर्वांत वर ठेवतो. अनारेस या उजाड जगावर सरकार, मालमत्ता, तुरुंग यांशिवाय राहणारा समाज सात पिढ्या टिकला आहे. दुष्काळ आला तर सगळे अर्धपोटी राहतात. आदर्श म्हणावा असाच हा समाज. पण शेवेक हा भौतिकशास्त्रज्ञ तिथे गुदमरतो. त्याला कुणी हुकूम देत नाही; शेजाऱ्यांच्या नजरेतूनच सगळं चालतं. तिरिन नावाचा त्याचा मित्र एक नाटक लिहितो, लोकांना ते आवडत नाही, आणि एका चांगल्या, मनमोकळ्या माणसाची हळूहळू दुर्दशा होते. कुणीच त्याला शिक्षा दिलेली नसते. ले ग्विन दाखवते की सत्ता राजवाड्यातून हाकलली तरी ती ओसरीवर येऊन बसू शकते. शेवेकचा प्रतिकार दुहेरी आहे. आपल्या समाजाच्या अदृश्य दाबाला तो ‘नाही’ म्हणतो, आणि शेजारच्या श्रीमंत उरास ग्रहावर गेल्यावर तिथल्या राज्ययंत्रणेलाही. उरासवरच्या संपाच्या सभेत तो बोलतो. त्या निःशस्त्र गर्दीवर आकाशातून गोळीबार होतो आणि शेवेकच्या शेजारचा जखमी माणूस तळघरात जीव सोडतो. ती पानं वाचताना रसेलच्या कथेत काय नव्हतं हे एकदम लक्षात येतं. तिथे गोळी सुटतच नाही.

आणि हा जुनाच आक्षेप आहे: समोरचा जर खरोखर गोळी घालणारा असेल तर?

जॉर्ज ऑर्वेलने जानेवारी १९४९ मध्ये गांधींवर निबंध लिहिला. त्यात आदर आहे आणि हा प्रश्नही आहे. ज्या राजवटीत विरोधक रात्रीतून नाहीसे होतात आणि त्यांच्याविषयी पुन्हा काही ऐकू येत नाही, तिथे गांधींचा मार्ग कसा चालावा, हे त्याला दिसत नव्हतं. वर्तमानपत्र नाही, सभा नाही. मग सोसणाऱ्याचं सोसणं पाहणार कोण? त्याच वर्षी जूनमध्ये त्याची ‘१९८४’ प्रसिद्ध झाली. तिच्यात त्याने असं जग बांधलं की जिथे नकार देणाऱ्याच्या मनातला नकारसुद्धा पुसून टाकता येतो. ऑर्वेल मोतीहारीत जन्मलेला, ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. रसेल सँडहर्स्टच्या सावलीतला. साम्राज्याच्या घरातले हे दोन इंग्रज दोन वर्षांच्या अंतराने एकाच प्रश्नाची उलटी उत्तरं देतात. जगाने ऑर्वेलचं उत्तर लक्षात ठेवलं. दोन्ही शेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

ऑर्वेलच्या बाजूने इतिहास बरंच काही बोलतो. मे १९३० मध्ये धारासनाच्या मिठागरावर सत्याग्रही ओळीने पुढे जात होते आणि लाठ्या खाऊन पडत होते. वेब मिलर हा अमेरिकी वार्ताहर तिथे होता म्हणून जगाला ते कळलं. आता पुढचं उदाहरण आपल्या अधिक जवळचं. १९५५ च्या मे महिन्यात सेनापती बापट आणि ना. ग. गोरे सत्याग्रह्यांची तुकडी घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले. १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र माणसं सीमेवर गेली. गोव्यावर ताबा असलेल्या पोर्तुगालच्या सालाझार राजवटीने गोळीबार केला, वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले, आणि पोर्तुगालमधल्या लोकांचं मन हलावं अशी मोकळी वर्तमानपत्रं तिथे नव्हती. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये, भारताचं सैन्य आत शिरल्यावर. त्या सत्याग्रह्यांच्या धैर्याचं मोल यामुळे तसूभर कमी होत नाही. पण शांततामय प्रतिकारावर लिहिणाऱ्याने ही तारीख वगळून पुढे जाऊ नये.

हॅरी टर्टलडव्ह या अमेरिकी लेखकाने १९८८ च्या ‘द लास्ट आर्टिकल’ या कथेत हा आक्षेप टोकाला नेला. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचलेल्याला ही जात ओळखीची वाटेल: इतिहासाचा एक सांधा बदलायचा आणि पुढचं तर्काने पाहायचं. टर्टलडव्हच्या कथेत जर्मनी युद्ध जिंकतो, हिंदुस्थान नाझींच्या ताब्यात येतो आणि गांधी आपला मार्ग फील्ड मार्शल मोडेलपुढे चालवतात. काय होतं ते तर्काला धरून आणि निर्दय आहे. गांधींना मानणाऱ्या वाचकाने ही कथा आवर्जून वाचावी. लेखकाला गांधींची थट्टा करायची नाही. ज्या धमकीपुढे सत्याग्रहाचा पायाच ढासळतो, ती तो समोर ठेवतो.

तरीही टर्टलडव्हच्या तर्कात एक फट आहे असं मला वाटतं, आणि ती रसेलमुळे दिसते. ऑर्वेल काय आणि टर्टलडव्ह काय, दोघांच्या नजरेसमोर सत्याग्रही आणि सत्ताधीश अशी जोडी आहे: गांधी आणि व्हॉइसरॉय, गांधी आणि मोडेल. रसेल राजदूताकडे फारसं पाहतच नाही. तो पाहतो यानातल्या सार्जंट ग्लीडकडे, हॅरिसनकडे, सुट्टीवर गावात गेलेल्या शिपायाकडे. हुकूम देणारा एक असतो आणि तो बजावणारे शेकडो. त्या शेकडोंना जेवायचं असतं, कुणाशी दोन शब्द बोलायचे असतात, एखादी मुलगी आवडते. गणवेशात आलेल्याला गँड काही देत नाहीत आणि गणवेश उतरवून आलेल्या माणसाला जागा देतात. राजदूताचं मन वळतं की नाही याला मग फारसा अर्थ उरत नाही. प्रतिकाराचा खरा प्रेक्षक दूरच्या राजधानीत नाही, तो बंदूक धरून समोर उभा आहे. त्याला पाहायला वर्तमानपत्र लागत नाही.

ही केवळ कागदावरची कल्पना नाही. १९४२ मध्ये नॉर्वेत क्विस्लिंगच्या नाझी राजवटीने शिक्षकांना आपल्या संघटनेत सक्तीने ओढायचं ठरवलं. बहुसंख्य शिक्षकांनी लेखी नकार पाठवला. सुमारे हजार जणांना अटक झाली, शेकडो जणांना उत्तरेला किर्केनेसच्या थंडीत मजुरीला नेलं. शेवटी राजवटीलाच माघार घ्यावी लागली. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये आले तेव्हा लोकांनी रातोरात रस्त्यांच्या पाट्या काढल्या, घरांचे क्रमांक पुसले आणि रणगाड्यांभोवती जमून रशियन शिपायांशी त्यांच्याच भाषेत वाद घातला: तुम्ही इथे का आलात? शाळेत सक्तीने शिकवलेली रशियन अशी उपयोगी पडली. रसेलच्या कथेनंतर सतरा वर्षांनी तिचं पहिलं पान एका खऱ्या शहरात घडत होतं. पुढे नेत्यांना मॉस्कोला नेऊन करारावर सह्या घेतल्या गेल्या आणि एप्रिल १९६९ मध्ये त्यांच्यातले प्रमुख दुबचेक यांना पायउतार व्हावं लागलं. जनतेला प्रमुख होते, आणि प्रमुख ताब्यात घेता आले. गँडांना प्रमुख नव्हता, याचं मोल इथे कळतं.

जोन स्लोंचेव्हस्कीने या सगळ्या धाग्यांना एकत्र आणलं ते ‘अ डोअर इंटू ओशन’ या १९८६ च्या कादंबरीत. लेखिका व्यवसायाने सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि श्रद्धेने क्वेकर. युद्धात शस्त्र न धरण्याची परंपरा असलेला हा ख्रिस्ती पंथ. तिच्या शोरा या चंद्रावर जमीनच नाही, सगळा समुद्र. तरंगत्या तराफ्यांवर राहणाऱ्या स्त्रियांचा समाज. जीवशास्त्रात त्या आपल्यापेक्षा कितीतरी पुढे. कातडीत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे त्यांचा रंग जांभळा आणि पाण्याखाली त्या दीर्घकाळ राहू शकतात. त्यांच्यावर शेजारच्या ग्रहाचं सैन्य चालून येतं, आणि ते गोळ्या घालतं, छळ करतं, मुलांनाही सोडत नाही. रसेलने बाजूला ठेवलेलं सगळं इथे आहे.

या कादंबरीतली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट म्हणजे तिथल्या बैठका. शोराच्या स्त्रिया एकत्र बसतात आणि भांडतात. किती सोसायचं? मेलेल्या मुलीच्या आईला काय सांगायचं? मनात आणलं तर शत्रूच्या शरीरात रोग सोडणं त्यांना अशक्य नाही. मग तो का सोडू नये? एक जण धीर सोडते आणि हिंसेचा मार्ग धरते. तिला लेखिका खलनायिका करत नाही. शत्रूच्या सेनापतीला कायम हीच भीती असते की या बायकांकडे काहीतरी भयंकर शस्त्र आहे आणि त्या ते लपवत आहेत. ते त्यांच्याकडे खरोखर आहे. न वापरणं हा त्यांचा निर्णय आहे, आणि तो त्यांना रोज नव्याने घ्यावा लागतो. दुबळ्याची अहिंसा आणि समर्थाची अहिंसा हा भेद गांधी आयुष्यभर करत आले. तो इतक्या ठोसपणे कथेत उतरलेला मी दुसरीकडे पाहिला नाही. कादंबरीला १९८७ मध्ये जॉन कॅम्बेल स्मृतिपुरस्कार मिळाला. योगायोग असा की रसेलची कथा छापणारे संपादक हेच कॅम्बेल.

मराठी विज्ञानकथेने नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे यांच्या पिढीपासून विज्ञानाचे परिणाम, संशोधकाची जबाबदारी, यंत्र आणि माणूस हे विषय आपलेसे केले. राज्यसत्तेला नकार देणारा समाज हा विषय तिच्यात मला विरळाच भेटला. याचं नवल वाटतं, कारण त्यासाठीची सामग्री इथे मुबलक आहे. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मावळे शेतकरी उभे राहिले, महाडला पाण्याचा हक्क मागितला गेला, १९३० मध्ये चिरनेरला लोक जंगलचा कायदा मोडायला गेले. यातला प्रत्येक प्रसंग रसेल किंवा स्लोंचेव्हस्कीसारख्याच्या हाती लागला असता तर त्याचा एक ग्रह झाला असता. गावकीची वाळीत टाकण्याची ताकद आणि सत्याग्रहाची ताकद या दोन्ही एकाच मातीत पाहिलेल्या लेखकाला, रसेलला न सुचलेली कथा सुचू शकते. ती कुणीतरी लिहावी.

वाचायला घेणाऱ्याला क्रम सुचवायचा तर असा. पहिली रसेलची दीर्घकथा, एका बैठकीत. ती हसवते आणि हसताना मनातले बरेच पक्के समज हलवून ठेवते. हॅरिसन अखेर काय करतो ते मी मुद्दाम सांगितलेलं नाही. मग लगेच टर्टलडव्हची कथा घ्यावी, रसेलचा आनंद ताजा असतानाच, म्हणजे आक्षेप पुऱ्या जोराने लागेल. त्यानंतर स्लोंचेव्हस्की, तिची कादंबरी टर्टलडव्हच्या आधीची असली तरी त्याच्यानंतर वाचल्यास अधिक बोलते. ले ग्विन शेवटी, आणि सावकाश. तिच्या पुस्तकात प्रकरणं एक आड एक दोन जगांत चालतात, पहिली पन्नास पानं थोडी जड जातात, तिथे पुस्तक खाली ठेवू नये.